चहात भिजलेलं बिस्किट

चहात भिजलेल्या बिस्किटाचा वास आला की मला मळमळतं. भोपाळच्या टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये त्या दिवशी बाबांचे साहेब आले होते. बाबांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून काही मिनिटं बिघडत, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली होती. ती घ्यावी का, हे बाबा साहेबांना, म्हणजे टर्बाइनच्या इंजिनिअरला विचारत होते. मिशीला लागलेला बिस्किटाचा लगदा तसाच ठेवून साहेब म्हणाले, "अहो, मशीन दोन मिनिटं थरथरलं म्हणून आपण प्लांट बंद करतो का? जाने दो." बाबांनी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. माझ्या नोकरीचा अर्ज साहेबांच्याच टेबलावर होता, म्हणून मीही मान डोलावली. गोळी आणलीच नाही; पुढे रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात झाला, तेव्हापासून बाबांचा उजवा हात हलत नाही. रोज सकाळी तसलंच बिस्किट भिजवून मी त्यांना भरवतो.