तमालपत्रांचा मुकुट
पुलावातल्या तमालपत्राचा वास आला की मला आखातातल्या, अल् घुब्रातल्या आमच्या शाळेचं मैदान आठवतं. नववीत असताना वार्षिक कार्यक्रमात आम्ही रोमन सेनापतीची विजययात्रा बसवली होती. आईने तमालपत्रं दोऱ्यात ओवून मुकुट केला होता आणि अल मवालेहच्या भाजीबाजारातून आणलेली हातगाडी आमचा रथ झाली होती. वर्गातली सगळ्यांची लाडकी मुलगी, आमच्याच बिल्डिंगमधली, सेनापती होती. मी कमी बोलते म्हणून मिसने मला गुलामाचं काम दिलं. त्याने रथात सेनापतीच्या मागे उभं राहून डोक्यावर मुकुट धरायचा आणि कानात सांगायचं, "लक्षात ठेव, तूही माणूसच आहेस." मैदानाला एकच फेरी ठरली होती, पण टाळ्या पडल्या आणि सेनापती ओरडली, "यल्ला, चला, वन मोअर!" तिसऱ्या फेरीत दोरीने रथ ओढणारी सहावीतली मुलं, म्हणजे आमचे युद्धकैदी, उन्हात धापा टाकू लागली. एक तर पडलाच, त्याचा गुडघा फुटला. मी वाकून म्हटलं, "बस झालं, उतर आता." "ए, तुझं काम फक्त कुजबुजायचं!" "तेच करतेय," मी म्हटलं आणि मुकुट तिच्या डोक्यावरून बाजूला घेतला. मुकुटाशिवाय ती पांढरी चादर गुंडाळलेली, घामाघूम झालेली माझी शेजारीणच दिसायला लागली. "घरी चल, बघते तुला," म्हणत ती उतरली. हल्ली ऑफिसात कोणासाठी फार टाळ्या वाजायला लागल्या, की त्याच्यामागे कुणी उभं आहे का ते मी आधी बघते. नसलं, तर मी जाऊन उभी राहते.