जिंकले, आता बोलू

रविवारी दुपारी जेवून दिवाणावर आडवी होते, तेव्हा कालच्या सामन्यातलं डफडं अजून कानात वाजतंय. खिडकीचा पडदा वाऱ्याने आत येतो, परत जातो. नोव्हेंबर लागला तरी नागपूरचं ऊन समोरच्या भिंतीवरून हलायला तयार नाही. पायाशी आईची सुती ओढणी आहे, फिकट निळी, धुऊन धुऊन मऊ पडलेली. काल सामन्याला हीच घेऊन गेले होते. ती गळ्यापर्यंत ओढून घेते आणि डोळे मिटते. पडदा आत येतो, परत जातो, आत येतो, आणि या वेळी परत जात नाही.

पडद्यापलीकडे, बाल्कनीत, आई मटार सोलत बसली आहे.

ती जूनमध्ये गेली. हे मला झोपेतही ठाऊक आहे आणि तिलाही असावं. घरात पाहुणे असताना काही विषय काढत नाहीत, तसा तो विषय आम्ही दोघी काढत नाही. शेंग उकलते, दाणे पातेल्यात पडतात आणि पडल्यावर एकेकदा उसळतात. एवढ्याशा दाण्याला असा टप्पा कसा, हे मला विचित्र वाटत नाही.

"झोपून राहिली का, सुनू?"

"नाही."

"मग? काल जिंकले ना?"

"जिंकले."

"जिंकले," ती म्हणते. "आता बोलू."

हे तिचं नेहमीचं वाक्य. ते ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आई, मंदाकिनी भोयर, विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळलेली. पुढे लग्न, शाळेतली नोकरी, मी. आमच्या शहराला व्यावसायिक संघ मिळाला तोवर तिची सत्तरी जवळ आली होती. संघाचं नाव 'नागपूर झिरो माइल्स'. नावातच शून्य घेऊन आलेत, खेळात तरी आणू नका म्हणावं, असं ती म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघींच्या मोसमभराच्या जागा घेऊन आली. त्याही बाजूच्या चांगल्या खुर्च्या नव्हेत, बास्केटच्या मागच्या. बाजूने चेंडू दिसतो, मागून माणसं दिसतात, असं तिचं म्हणणं.

खेळ चालू असताना ती बोलत नसे. काही मनात आलं की ओढणीच्या टोकाला गाठ मारायची. सामना संपला की बाहेरच्या टपरीवर स्टेडियममधल्या आमच्या भागातले दहाबारा जण चहाला जमायचे. ती एकेक गाठ सोडायची आणि प्रत्येक गाठीबरोबर एकेक गोष्ट सांगायची. कुणाचा पाय चुकला, कुणी पास उशिरा दिला, कुणाला उगाच बसवून ठेवलं. तिची शेवटची गाठ सुटेपर्यंत कुणी दुसरा चहा मागवत नसे.

काल घरच्या मैदानावरचा मोसमातला पहिला सामना झाला. चेन्नईला आम्ही तीन गुणांनी हरवलं. टपरीवर सगळे जमले, चहा आला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एक गोष्ट दिसली होती. ती सांगायलाच हवी होती आणि सांगणं शक्य नव्हतं. डोकं दुखतंय म्हणून मी चहा तसाच ठेवून घरी आले.

"पहिल्यापासून सांग," आई म्हणते.

मी बाल्कनीच्या कठड्याला टेकते, तर कठडा थंड आहे, लोखंडाचा, आमच्या रांगेपुढचा. खाली रस्ता नाही, मैदान आहे. लाकडी जमीन पुसून चकचकीत केलेली. दिवे लागलेत, माणूस एकही नाही. आई शेजारच्या खुर्चीवर आहे. मटाराचं पातेलं तिने पायाशी ठेवलंय. पाठीखालून ती झेंडूचा हार ओढून काढते आणि विचारते की हे कुणी इथे ठेवलं, देठ टोचून राहिले. डफडंवाल्या बोकडेकाकांनी, मी सांगते. ती हार पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवते, एखाद्याची विसरलेली टोपी ठेवावी तसा.

मग मी पहिल्यापासून सांगते. पहिला अर्धा भाग देखणा झाला. या वर्षी नवीन आलेला देवांश उके चेंडू फार वेळ हातात ठेवत नाही. चेंडू त्याच्याकडे येतो तेव्हा पुढचा पास त्याने आधीच ठरवलेला असतो. गुरनूर, आमचा सगळ्यात उंच खेळाडू, गेल्या वर्षी बास्केटखाली खांबासारखा उभा राहायचा. काल तो धावला. राखीव खेळाडू आले तरी लय मोडली नाही. मध्यंतराला आम्ही एकोणीस गुणांनी पुढे होतो.

"आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये घालवले," आई म्हणते.

"तुला कसं कळलं?"

"एकोणीसने पुढे असलेला संघ तिनाने जिंकला. मधे कुठे तरी घालवलेच असतील ना."

तिचं निदान तयार आहे. मोसमाची सुरुवात आहे, पायांत दम नाही. सुरुवातीचे विजय आठवड्यापुरते मिरवावेत, त्यावर पुढचे बेत करू नयेत. प्रशिक्षकाने पहिली पाच माणसं फार वेळ खेळवली असणार. बोलता बोलता ती पायातली चप्पल काढते आणि मुरमावर उतरते. आता मुरूमच आहे, चुन्याच्या रेघा मारलेला, दोन्ही टोकांना लाकडी फळ्या, मागे कडुनिंब. ती एकोणीस-वीस वर्षांची आहे. दोन वेण्या वर दुमडून रिबिनीने बांधलेल्या, गुडघ्यावर जुनं खरचटलेलं. ही आई मी फक्त एका फोटोत पाहिली आहे. फोटोत ती हलत नाही. इथे ती चेंडू जमिनीवर मारते आणि मुरमाचे खडे उडतात.

"ये, बचाव कर," ती मला म्हणते.

मी चाळिशी ओलांडलेली, साडी नेसलेली. ही साडी मी कधी नेसले, ठाऊक नाही. हात पसरून मी तिच्यासमोर उभी राहते आणि ती हसत हसत माझ्या बगलेखालून निघून जाते. पुन्हा येते, पुन्हा जाते.

"पाय नव्हते असं नाही, आई," मी धापा टाकत म्हणते. "पाय होते. उके शेवटपर्यंत धावत होता."

"मग काय नव्हतं?"

"बोलत नव्हते."

ती चेंडू थांबवते. तो काखेत धरते.

आता मी सांगते ते फक्त बास्केटच्या मागून दिसतं. चेन्नईवाल्यांनी दर वेळी एकच साधी गोष्ट केली. त्यांचा एक जण उकेच्या मागे येऊन भिंतीसारखा उभा राहायचा. उके त्याच्यावर आदळायचा, तेवढ्यात चेंडूवाला मोकळा. असं होताना मागच्या माणसाने ओरडून सांगायचं असतं. पहिल्या अर्ध्यात गुरनूर ओरडत होता आणि उके न बघता बाजूला सरकत होता. तिसऱ्या क्वार्टरमध्येही गुरनूर ओरडत होता. त्याचं तोंड मला दिसत होतं, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. उकेला ऐकू जात नव्हतं. थोड्या वेळाने गुरनूरने ओरडणं सोडलं. मग सगळ्यांनीच सोडलं. पाच माणसं, प्रत्येक जण एकटा.

"बोलत नव्हते नाही," आई म्हणते. "ऐकू जात नव्हतं. का?"

मी मागच्या कडुनिंबाकडे बघते.

कडुनिंबाखालून लांब कॉरिडॉर निघतो. फरशी पांढरी, औषधाचा वास, दोन्हीकडे बंद दारं. फरशीवर फ्री थ्रोची रेघ मारलेली आहे आणि आई त्या रेघेवर उभी आहे, म्हातारी, हॉस्पिटलच्या झग्यात, केस विरळ. शेवटच्या आठवड्यात तिचा आवाज गेला होता. काही हवं असलं की ती उजवा हात वर करायची, तळवा पुढे, आणि खोलीतले आम्ही सगळे गप्प व्हायचो. आताही ती तसा हात वर करते. कॉरिडॉरच्या टोकाला काहीतरी वाजत होतं, ते थांबतं. ते वाजत होतं हे मला थांबल्यावर कळतं.

तो हात मी ओळखते. आमच्या भागात सगळेच ओळखतात. इतर ठिकाणी पाहुणा संघ चढून आला की घरचे प्रेक्षक गोंगाट करतात. आमच्याकडे उलट होतं. पाहुणे चेंडू घेऊन आले की आई हात वर करायची, बोकडेकाकांचं डफडं जागच्या जागी थांबायचं आणि आमच्या खेळाडूंना एकमेकांचं ऐकू यायचं. चेंडू आमच्याकडे आला की हात खाली, डफडं सुरू. बोकडेकाका कुरकुर करायचे. मंदाताई, एवढी पोळी-भाजी खाऊन आलो, वाजवू तर द्या, म्हणायचे. पण थांबायचे.

"डफडं थांबलंच नाही," मी म्हणते.

आता आम्ही टपरीवर आहोत. बाकडं तेच आहे, चहाही कालचाच, मी ठेवून आले होते तो. त्यावर साय धरली आहे. आजूबाजूला कुणी नाही. स्टोव्ह मात्र फरफरतोय. आई ओढणीच्या गाठी सोडत बसली आहे. एकेक सोडते आणि पुढे सरकते, काही बोलत नाही.

मी सांगून टाकते. सामन्याआधी बोकडेकाकांनी तिच्या खुर्चीला हार घातला. सगळ्यांना उभं केलं. आज मंदाताईंसाठी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत डफडं थांबणार नाही, असं म्हणाले. आणि थांबलं नाही. त्यांच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या, चष्मा घामाने की कशाने भरला होता, ते वाजवत राहिले. मध्यंतरानंतर आम्ही ज्या टोकाला बचाव करत होतो ते नेमकं आमच्याच खुर्च्यांपुढचं. सगळे टाळ्या वाजवत होते. आपल्याच लोकांच्या कानांवर आपण बसलोय, हे मला दिसत होतं. मीही टाळ्या वाजवत होते.

आई हसते. आवाज न करता, खांदे हलवून, पूर्वी शाळेतले किस्से सांगताना हसायची तशी.

"चार वर्षं त्याला थांबवत आले," ती म्हणते, "आणि माझ्यासाठी म्हणून त्याने तेच केलं."

"प्रेमाने केलं गं."

"मी कुठे नाही म्हणते? मग सांग त्याला."

"कसं सांगू? रडत होते ते."

"रडणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही का?"

मी चहाकडे बघते. साय कपाच्या कडेला चिकटली आहे.

"चेन्नईपुढे वाचले," ती म्हणते. आता ती पुन्हा माझी नेहमीची आई आहे, सामन्यानंतरची, थोडी थकलेली, चष्मा कपाळावर. "बुधवारी लुधियाना आहे. ते वाचू देणार नाहीत. माझी आठवण ठेवायची तर हात वर करा म्हणावं."

"कोण करणार?"

ती ओढणी माझ्याकडे सरकवते. टोकाला एक गाठ राहिली आहे.

"ही सोड ना," मी म्हणते.

"ही माझी नाही," आई म्हणते आणि मटाराचं पातेलं उचलते. त्यात पुष्कळ मटार आहेत, भात होईल इतके. स्टोव्हची फरफर बारीक होत जाते. मला अजून काही विचारायचं आहे, सामन्याबद्दलचं नाही. ती पाठमोरी झाली आहे. तिने हात वर केलाय, तळवा पुढे. मी गप्प होते.

पडदा परत जातो.

ऊन भिंतीवरून उतरलंय. खाली कुणी तरी स्कूटर सुरू करतंय. कानांत डफडं नाही. मी बराच वेळ तशीच पडून राहते. जाग आली आहे हे मान्य करायला आज वेळ लागतो.

मग मुठीत काही तरी टोचतं. मूठ उघडते, तर ओढणीचं टोक. त्याला गाठ आहे.

आईच्या गाठी सैल असायच्या, मोठ्या, एका हिसक्यात सुटणाऱ्या. चहा निवायच्या आत त्या सुटायला हव्यात हे तिला मारतानाच ठाऊक असे. ही बारकी आहे, घट्ट पिळलेली, एकावर एक दोनदा मारलेली. गाठ मारायची सवय नसलेल्या हाताची. काल तिसऱ्या क्वार्टरमध्ये टाळ्या मधेच थांबवून मी हाताने काय करत होते, ते आठवून पाहते. आठवत नाही.

नखाने सोडवून बघते. सुटत नाही. मग सोडवायचं थांबवते आणि बोकडेकाकांना फोन लावते. त्यांना सांगायचं आहे की बुधवारी चहा सामन्याच्या आधी घेऊ, मला बोलायचं आहे. पलीकडे रिंग वाजत राहते, आणि माझा अंगठा गाठीवर असतो.