पाचव्या दिवशीचं उत्तर

जपानमधल्या सेंदाईत आमच्या वरच्या मजल्यावर नायजेरियाची एक संशोधक राहायची. तिची मातृभाषा योरुबा. कोणता कचरा कोणत्या दिवशी टाकायचा, या गोंधळात आमची ओळख झाली आणि मग ती दर रविवारी चहाला येऊ लागली. येताना लॅपटॉप असायचाच. इंटरनेटवर कुणीही लिहू शकेल असा जो ज्ञानकोश आहे, त्यात योरुबा विषयांवर इंग्रजीतून लिहायला येणाऱ्या नव्या लोकांचं स्वागत ती करायची. तयार मजकूर चिकटवणं तिला मान्य नव्हतं. प्रत्येकाचं लेखन वाचून ती दोन ओळी स्वतः लिहायची.

"पहिलाच लेख उडाला की माणूस परत फिरकत नाही गं," ती म्हणायची.

तिची आई वारली, तेव्हा ती तीन आठवड्यांसाठी गावी गेली. जाताना मला म्हणाली, "तेवढं स्वागताचं बघशील?" मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षक आले. योरुबा बायका कापडावर पिसाने खळीची नक्षी काढतात आणि मग ते निळीत बुडवतात. त्यातल्या एका जुन्या नक्षीवर त्यांनी लेख लिहिला होता. मी स्वागत केलं. तासाभरात उत्तर आलं, "आभारी आहे, लेकरा. या वयात कुणी 'या' म्हणेल असं वाटलं नव्हतं."

दोन दिवसांनी कुणीतरी लेखावर सूचना लावली : संदर्भ नाही, काढून टाकावा. त्यांनी मला विचारलं, "आईच्या हाताखाली शिकलो, ते कोणत्या पुस्तकात दाखवू?"

मी ते ऑफिसात वाचलं. आमच्या सॉफ्टवेअरचा रिलीज तोंडावर आला होता. संध्याकाळी लिहू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. पाचव्या दिवशी लिहायला बसले, तर लेख गेलेला होता. मी लांबलचक माफी मागितली. उत्तर आलं नाही.

मैत्रीण परतल्यावर तिला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त त्यांना ईमेल पाठवली.

महिन्याने त्यांच्या मुलीचं उत्तर आलं. वडील गेले होते. लेख लिहिला तेव्हाच ते आजारी होते. "तुमचं स्वागत त्यांनी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं," तिने लिहिलं होतं. "नंतर मात्र त्यांनी लॅपटॉप उघडला नाही."

मैत्रिणीने विद्यापीठाच्या ग्रंथालयातून एक जुनं पुस्तक मागवलं. त्यात ती नक्षी होती, अख्खं एक पान. ते दाखवल्यावर लेख परत आला. त्याच्या बदलांच्या नोंदीत पहिलं नाव शिक्षकांचंच आहे. ते बघताना ती रडली. त्यांच्यासाठी की आईसाठी, मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी तिने सेंदाई सोडलं. स्वागताचं काम आता माझ्याकडे आहे. कुणी काही विचारलं, तर मी त्याच दिवशी उत्तर देते. त्या शिक्षकांना त्याचा काही उपयोग नाही.