यशोधरेनं निवडलेली अकरा गाणी

मोरिवलीत राहणारी यशोधरा शिरसाट औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. वय बावन्न. तिच्या वडिलांनी, आण्णांनी, छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्यांनी मुलांना दोनच गोष्टी बजावल्या: कुणापुढं वाकायचं नाही, आणि स्वतःला हलकं म्हणायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी यशोधरेचा नवरा हरिचंद्र बसल्या जागी गेला. पाहुणे पांगले, घर रिकामं झालं, आणि तिला रडूच येईना. तेव्हा कामावर तिच्या समोरच्या टेबलाला बसणारी मोतीबाई रोज संध्याकाळी यायला लागली. मोतीबाई नगरकडची ख्रिस्ती. ती भाजी निवडायची आणि स्वतःशीच हळू आवाजात गायची, अभंगाच्या चालीवरची येशूची गाणी. चर्चला चल, असं एकदाही म्हणाली नाही. आठव्या-नवव्या दिवशी यशोधरा ते ऐकता ऐकता हमसून रडली.

पुढं मोतीबाई रिटायर होऊन लेकीकडं नगरला गेली. घर पुन्हा गप्प झालं. मग एका रविवारी यशोधरा उल्हासनगरला एका सिंधी माणसाच्या मोबाईलच्या दुकानात गेली.

"मौसी, येशू के पाँच सौ गानों का फोल्डर है. पूरा डाल देता हूँ," दुकानदार म्हणाला.

"पूरा नको. मी ऐकणार. सांगेन तेवढीच टाका."

तो हसला, पण बसायला स्टूल दिलं. ढोल-कीबोर्डची गाणी तिनं पहिल्या ओळीतच काढायला लावली. घसा फाडून गायलेली काढली. मग एक संथ गाणं लागलं. बाईचा आवाज, मागं फक्त पेटी. यशोधरेनं डोळे मिटले. दुसऱ्या कडव्यात गाणारी स्वतःला किडा म्हणाली, धूळ म्हणाली. यशोधरेनं डोळे उघडले.

"हे काढा."

"अरे, इतना मीठा है!"

"गोड आहे. पण मी किडा नाही."

तीन रविवार ती त्या स्टुलावर बसली. शेवटी अकरा गाणी राहिली.

पहिली पाळी सुटली की चार वाजता ती घरी येते, हातपाय धुते, खिडकीजवळच्या खुर्चीत बसते आणि कानाला इअरफोन लावते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. हात मांडीवर. ओठ हलत नाहीत. चाळीस मिनिटं.

तिनं हे लपवलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. तरी बातमी बदलापूरला तिच्या धाकट्या भावापर्यंत, मिलिंदपर्यंत पोचली. राहायला तिकडं असला तरी तो अजून मोरिवलीच्या विहाराच्या कमिटीत होता. आला तेव्हा ती ऐकत होती. गाणं संपेपर्यंत तिनं इअरफोन काढला नाही.

"ताई, लोक म्हणतात तू किरिस्ताव झालीस."

"कुठल्या चर्चमध्ये पाहिलं, ते विचारायचं होतंस त्यांना."

"मग डिलीट कर हे. बाबासाहेबांनी काय सांगितलंय..."

"मला सांगतोस? बावीस प्रतिज्ञा तुझ्याकडून मी पाठ करून घेतल्या. चौथीत होतास तू."

"आण्णा असते तर?"

"आण्णांनी सांगितलं, कुणापुढं वाकायचं नाही. त्यात तूही आलास, मिलिंद." मग तिचा आवाज उतरला. "या गाण्यांपलीकडं कुणी देव आहे की नाही, मला ठाऊक नाही. हरिचंद्र गेले तेव्हा मी दगड झाले होते. या गाण्यांनी मला रडवलं. ही चाळीस मिनिटं माझी आहेत. त्यांचा जाब मी कुणाला देणार नाही."

मिलिंद चहा न घेता गेला.

पंधरा दिवसांनी वस्तीतल्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या मंडळातली संजीवनी दारात उभी. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "ताई, प्रभूनं तुम्हाला बोलावलंय. रविवारी या, साक्ष द्या, प्रभू कसा भेटला ते सगळ्यांपुढं सांगा."

"मला कुणी बोलावलं नाही. ही गाणी मी दुकानात जाऊन निवडून आणलीत."

संजीवनीनं मोबाईलवरची गाण्यांची यादी पाहिली. "ते पेटीवरचं नाही घेतलंत? आमच्याकडं सगळे रडतात त्याला."

"त्यात माणूस स्वतःला किडा म्हणतो."

"देवापुढं आपण किडेच ना, ताई?"

"माझ्या आज्याला सगळा गाव तेच म्हणायचा. हा शब्द आता मी कुणासाठीच ऐकणार नाही. देवासाठीसुद्धा."

संजीवनी खाली टेकली. तिचा आजाही गावाबाहेरच्याच वस्तीतला. तिनं चहा घेतला, साक्षीचं पुन्हा काढलं नाही.

विहारात बायकांची वंदना कितीतरी वर्षं यशोधराच सांगायची. त्या वैशाख पौर्णिमेला कमिटीनं ती दुसरीला दिली. यशोधरा पांढरी साडी नेसून गेली आणि पहिल्याच रांगेत बसली. नवी बाई अडखळत होती. यशोधरा नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणत राहिली, आणि त्रिशरण संपेपर्यंत मागच्या बायका तिच्याच लयीत म्हणू लागल्या. मिलिंद दाराशी उभा होता. त्यानं तिला थांबवलं नाही.

पावसाळाभर त्याचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो बायकोला घेऊन आला, जेवला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "एखादं ऐकव की."

"आज नाही," यशोधरा म्हणाली. "माझ्या मनात येईल तेव्हा."