हिरवे मूग, अडीचचे

कपाट आवरायला घ्या, कुठल्यातरी साडीच्या घडीतून एखादा जुना मास्क निघतोच. आमच्या फुलपाड्यातल्या दुकानांच्या ओळीत गप्पांचं तसंच आहे. विषय कुठलाही असू दे, दुसऱ्या घोटाला लॉकडाऊन निघतो. मग ‘बरोबर होता’ आणि ‘चूक होता’ अशा दोन पार्ट्या पडतात आणि चहा गार होतो.

या वादाचे मूळ पुरुष दोन. बांगडीवाले प्रभाकरकाका म्हणायचे, चूक. त्यांच्या शेजारचे किराणावाले रमेशभाऊ म्हणायचे, बरोबर. दोघांची तीस वर्षांची दोस्ती, त्यामुळे भांडण अगदी मनापासून! माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान समोरच. शाळा बंद म्हणजे मीही बंद, तेव्हा ऐकायला मला वेळच वेळ होता.

* * *

सुरुवातीलाच गाडी भोंगा लावून फिरली, ‘अत्यावश्यक सोडून सर्व दुकाने बंद!’ रमेशभाऊंनी लगेच कॉलर ताठ केली. “प्रभाकर, मी अत्यावश्यक. तू आपला घरी बस.”

काका थेट नाक्यावरच्या हवालदाराकडे गेले. “साहेब, हिरव्या चुड्याशिवाय लग्न लागतं का? मग बांगडी अत्यावश्यक नाही?”

हवालदार म्हणाला, “काका, लग्नंच बंद आहेत!”

काका तसेच परत आले. सगळा लग्नसराईचा माल भरून ठेवला होता हो. खोकीसुद्धा फोडली नव्हती.

* * *

सलूनवाला सुनील अर्धं शटर ओढून आत हळूच दाढ्या करायचा. एकदा डाव्या गालाची दाढी झाली आणि बाहेर पोलिसाची शिट्टी वाजली. गिऱ्हाईक मागच्या दाराने पसार!

संध्याकाळी सुनीलने घाबरत फोन केला. “दादा, उरलेली करायला घरी येऊ?”

तिकडून उत्तर आलं, “राहू दे रे. मास्क आहे की!”

हसलो आम्ही. पण त्यानंतर सुनील कात्र्या गुंडाळून गावी गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या जागी आता मोमोज मिळतात. बरे असतात म्हणे. मी खाल्ले नाहीत.

* * *

आमच्याकडे दुकान बंद करतो असं कोणी म्हणत नाही. दुकान ‘वाढवतो’ म्हणायचं. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. काका या बाबतीत फार कडक.

एकदा दुपारी मालावरची धूळ झटकून काका शटर ओढत होते. पालिकेचा नवीन माणूस आला. “काय चाललंय?”

“दुकान वाढवतोय साहेब.”

तो भडकलाच. “लॉकडाऊनमध्ये बांधकाम काढलंय? परमिशन दाखवा!”

रमेशभाऊ धावत आले. “अहो, बंद करतायत ते!”

“मग बंद म्हणा ना सरळ!”

काका हात जोडून म्हणाले, “साहेब, शटर तुम्ही म्हणाल तेव्हा खाली घेतो. तेवढा शब्द मात्र तोंडातून काढायला लावू नका.”

* * *

आता खरी गंमत. लॉकडाऊनच्या बाजूने घसा फोडणारे रमेशभाऊच एक दिवस काकांना म्हणाले, “भाडं चालू आहे, घरात बसून काय करशील? थोडा माल माझ्याकडे ठेव.”

आणि कडधान्याच्या गोणीमागे बांगड्यांची खोकी आली. बायकांना परवलीचा शब्द सांगून ठेवला होता. हिरव्या बांगड्या म्हणजे ‘हिरवे मूग’, पुढे हाताचं माप. “भाऊ, हिरवे मूग द्या, अडीचचे!” बाहेर उभ्या पोलिसाला वाटायचं, किराणाच चाललाय.

एकदा बोळिंजहून एक आजोबा पिशवी घेऊन आले. “हिरवे मूग द्या.”

रमेशभाऊंनी इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, “हात केवढा आहे?”

आजोबांनी स्वतःचा पंजा उघडून बघितला. “पण अर्धा किलोच हवेत हो! मुठीने देताय का?”

काका समोरच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या वर्षात त्यांना तसं हसताना मी एकदाच बघितलं.

* * *

दुसऱ्या लाटेत रमेशभाऊ गेले.

दुकान रोज उघडं, दिवसभर माणसांची ये-जा. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि घरी निरोपच आला. काकांना शेवटचं बघताही आलं नाही. आमच्यातला कोणीच जाऊ शकला नाही, आणि ते अजून सलतं.

पुढे सगळं सुरळीत झाल्यावर चहाला कोणीतरी म्हणालं, “प्रभाकरकाका, तुमचंच बरोबर होतं. लॉकडाऊनने धंदा मारला.”

काका म्हणाले, “माझं नको सांगू. समोरून बोलणारा आण आधी.” अर्धा कप तसाच ठेवून ते उठले. त्या वादात ते पुन्हा पडले नाहीत.

* * *

काकांनी खूप ओढलं. पण बायका तोवर मोबाइलवरून बांगड्या मागवायला शिकल्या होत्या. शेवटी गाळा सोडायचं ठरलं, तिथे मोबाइल कव्हरवाला येणार होता. शेवटच्या दिवशी मी खोकी बांधायला गेलो.

दारात सुरेखावहिनी उभ्या. रमेशभाऊंच्या पत्नी. ते गेल्यापासून त्याच किराणा बघतात, पण या दुकानाची पायरी त्या चढल्या नव्हत्या. मोकळा हात त्यांनी काउंटरवर ठेवला.

“भाऊजी, भरा.”

मी सुतळी हातात धरून तसाच उभा. बाहेर दोन बायका थांबून बघायला लागल्या. काकांनी बांधलेलं खोकं सोडलं. “कोणत्या?” एवढंच विचारलं.

“तुम्हीच बघा. लग्नात तुम्हीच भरल्या होत्या.”

काकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि एकेक बांगडी सावकाश चढवली. एकही वाढली नाही.

बांगड्या भरून झाल्या की बाईने कासाराला नमस्कार करायचा, अशी रीत आहे. वहिनी वाकणार, तेवढ्यात काका काउंटरच्या बाहेर आले आणि त्यांनीच वहिनींना वाकून नमस्कार केला.