बिनआरशाची गाडी

माझ्या गाडीला आरसा नव्हता आणि धाकटीच्या गाडीला होता. भांडण म्हणाल तर एवढंच. पण तेवढ्यावर मी दोन वर्षं जळत राहिले. ओलं लाकूड चुलीत घातल्यावर जसं होतं तसं. जाळ न्हाई न् काही न्हाई, नुसता धूर, आणि तो पण आपल्याच डोळ्यांत.

आम्ही दोघी बहिणी आणि पाठचा एक भाऊ. माहेर जळकोटचं, अगदी हमरस्त्यावर. रस्ता एका अंगाला हैदराबादला जायचा, दुसऱ्या अंगाला सोलापूरला. वडलांनी मला दिलं तुळजापूरच्या बाजूला, जमीनजुमल्याच्या घरात, म्हणजे मोगलाईतच, निजामाच्या राज्यात. आणि धाकटीला दिलं सोलापूरला, कापसाच्या व्यापाऱ्याकडं, इंग्रजी मुलखात. आमच्याकडं निजामाचा हाली रुपया चालायचा, तिच्याकडं कलदार, आणि बदलायला गेलं की हाली नेहमी कमीच भरायचा. आमची आत्या जिभेनं तिखट. भर पंगतीत म्हणायची, "एक लेक हाली निघाली, एक कलदार." सगळे हसायचे. मी पण हसायचे, काय करता!

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्याच सुमारास दोन्ही घरांत मोटार आली. कंपनी एकच, रंग एकच, काळाभोर. दोघी शेजारी उभ्या केल्या तर जुळ्या बहिणी. पण आमची आली हैदराबादच्या दुकानातून आणि तिची मुंबईच्या, आणि तिथंच सगळं फिरलं. हैदराबादचा दुकानदार गाडी विकताना विचारायचा, मर्दान्यासाठी की जनान्यासाठी? आमच्या सासऱ्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, जनान्यासाठी. मग काय, मागच्या खिडक्यांना पितळी दांड्या आणि जाड किरमिजी पडदे. काचा पक्क्या बसवलेल्या, खाली होतच नव्हत्या. पुढच्या आणि मागच्या बैठकीच्या मधेसुद्धा पडदा. भोंगा रबरी, दाबला की म्हशीगत ओरडायचा.

आणि पुढच्या काचेच्या वर, मधोमध, एक पितळी बूड. त्याला काहीच नव्हतं. ते कशाचं, कुणालाच ठाऊक न्हाई. सासूबाईंनी बघितलं आणि हात जोडले. म्हणाल्या, "बघा, साहेब लोक असूनसुद्धा देवाला जागा ठेवली बिचाऱ्यांनी." तेव्हापासून त्या बुडाला हळदकुंकू, दर अमावास्येला नवं लिंबू आणि मिरच्या. आमचे गाडीवाले चाचा मुसलमान, पण लिंबू सुकलं की तेच आठवण करून द्यायचे.

चाचा म्हणजे वडिलांच्या वयाचे, गावातलेच. गाडी हाकताना मान कधी मागं वळवायचे न्हाईत, जनाना बसलाय म्हणून. मग मागनं काय येतंय ते कळणार कसं? ते हाक द्यायचे, "बेटा, पिच्छे देखो, कुछ आ रा क्या?" की मी मागच्या पडद्याची कड उचलून बघायची आणि सांगायची, बैलगाडी हाय, सायकल हाय, काही न्हाई. मला वाटायचं मोटारीची रीतच अशी असते. मागच्या बाईनं मागचं बघायचं.

मग एकदा सोलापूरला गेले, धाकटीकडं. तिनं अंगणात मला तिच्या गाडीत बसवलं. म्हणाली, "अक्के, हे फिरव." दाराला एक मूठ होती. फिरवली तशी काच सरसर खाली गेली आणि वारं तोंडावर आलं. छतात इवलासा दिवा, दार उघडलं की आपोआप लागायचा. भोंगा विजेचा. पडदा नावाला न्हाई. आणि पुढं, आमच्या देवाच्या जागी, लांबट आरसा. त्यात मागं बसलेल्या आम्ही दोघी दिसत होतो, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"तुमच्यात आरसा न्हाई व्हय?" तिनं विचारलं.

"तिथं आम्ही लिंबू बांधतो," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्या ध्यानात आलं.

"अय्या! आरशाच्या जागी लिंबू?" ती हसत सुटली. सासूला सांगितलं, नणंदांना सांगितलं, जेवताना नवऱ्याला सांगितलं. तिचे मालक स्वतः गाडी चालवायचे, झब्ब्याची बाही मागं सारून. ते घास थांबवून म्हणाले, "चालायचंच. मोगलाई कारभार." झालं. त्या दिवसापासून आमच्या गाडीचं नाव त्या घरात पडलं 'मोगलाई'. धाकटी मनानं वाईट नव्हती, पण हसली ती हसलीच. त्या पुरणपोळीची चव मला आजपर्यंत कडू लागते.

घरी येऊन मी मालकांना म्हणाले, आपण पण आरसा बसवू. ते म्हणाले, आईला विचार. विचारायची सोयच नव्हती. देवाच्या जागेवर आरसा! मी मनातल्या मनात धाकटीची काच वर-खाली करत राहिले. ती माहेरी यायची ती उघड्या काचांच्या गाडीतनं, केसांत वारं भरून, साऱ्या गावाला हात करत. मी यायचे ती गाठोडं यावं तशी. पोरं विचारायची, आत कोण हाय गं?

मग भावाचं लग्न ठरलं. नवरी ईटची, भूमकडची. लग्न मुलीच्या दारात, आणि मग नवरीला मोटारीनं जळकोटला आणायचं. लांबचा पल्ला, येरमाळा, येडशी, धाराशिव करत. आमच्या गावात नवरी मोटारीतनं कधी आली नव्हती. आता प्रश्न एकच: नवरी कुणाच्या गाडीत?

मी थोरली, तेव्हा माझ्याच गाडीत बसायला पाहिजे. ह्यात बोलायचं काय? मी आईला महिनाभर आधीपासून सांगत होते. पण आई म्हणाली, "अगं, तुझ्या गाडीत नवरी आणली काय न् बाजरीचं पोतं आणलं काय, बाहेरून सारखंच. धाकटीची गाडी उघडी हाय. लोकांना नवरी दिसंल."

मी इरेला पेटले. सासूबाईंच्या पाया पडले. म्हणलं, एक दिवस पडदे काढू द्या. त्या सुपारी कातरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पडदा काढायचा असंल तर मग बैलगाडीनं जा. बैलाला पडदा लागत न्हाई." संपलं.

लग्न लागलं. निघायच्या वेळी सोलापूरकरांची गाडी पुढं आणली. चाकावर धाकटीचे मालक, आमचे सोलापूरकर, त्यांच्या शेजारी मुंडावळ्या बांधलेला माझा भाऊ, मागं नवरी आणि तिच्या शेजारी धाकटी, शालू नेसलेली. आणि माझ्या गाडीत काय घातलं? रुखवत! बुंदीच्या लाडवांच्या पाट्या, शेवयांचं गाठोडं, वाटेत प्यायला पाणी घातलेली पितळेची घागर, पापडांची चळत. वर आत्या. आत्या बसल्या बसल्या घोरायला लागली. नवरी तिच्या गाडीत आणि पापड माझ्या गाडीत! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, तेवढाच एक जास्तीचा पापड.

पुढं त्यांची गाडी, मागं आमची. त्यांचा सगळा फुफाटा आमच्यावर. मी मधल्या पडद्याच्या फटीतनं बघत होते. गाव आलं की लोक धावत यायचे, बाया उंबऱ्यात यायच्या, "नवरी, नवरी!" आणि सोलापूरकर मुद्दाम गाडी हळू करून भोंगा वाजवायचे. धाकटी हात करायची. मी म्हणायचे, कर बाई, कर. हात मोडेपर्यंत कर. आमची गाडी आली की लोक घरात वळलेले असायचे. एका म्हातारीनं तर विचारलं, ह्यात आजारी माणूस हाय का?

येडशी मागं पडली आणि पुढची गाडी एकाएकी चिंचेखाली थांबली. चाचांनी ब्रेक दाबला, पितळेची घागर माझ्या पायावर आली. बघते तर धाकटी उतरून आमच्याकडंच येतीय, आणि तिच्या खांद्याशी नवरी, पदर नाकापर्यंत ओढलेला, पाय कुठं पडतोय त्याचा पत्ता न्हाई.

"अक्के, हिला तुझ्या गाडीत घे."

"का? पडद्यात कोण बघणार तिला?" मी फटकन बोलले.

"म्हणूनच घे," ती म्हणाली. "ईट सोडल्यापासून पोरीनं हुंदका दाबून धरलाय. गावोगाव लोक बघायलेत, आणि वर तो आरसा. मान वर केली की हिला त्यात ह्यांचे डोळे दिसतात. श्वास अडकायलाय तिचा."

मी पापड बाजूला केले, लाडवाच्या पाट्या मांडीवर घेतल्या. नवरी आत आली. मला खोटं बोलता येत न्हाई, मनात पहिलं आलं ते हेच, की शेवटी आली का न्हाई माझ्याच गाडीत! आई, बघ आता.

पुढनं सोलापूरकरांनी ओरडून विचारलं, "तू कुठं बसतीस?" धाकटी म्हणाली, "नवरीला सोबत." आणि ती पण आत चढली. मी पडदा ओढला. गाडी सुटली आणि नवरीनं असा टाहो फोडला म्हणता! आत्या दचकून उठली, बघितलं, नवरी हाय, रडणारच, म्हणाली आणि पुन्हा झोपली. मी तिला जवळ घेतलं. आईवडील सोडून आलेली पोर, रडू दे की. रडली, रडली आणि हलकी झाली. मग तिच्या हातावर मी एक लाडू ठेवला. तिनं खाल्ला पण.

तेव्हा माझं लक्ष धाकटीकडं गेलं. ती खिडकीच्या पडद्यात तोंड खुपसून बसली होती आणि तिची पाठ गदगदत होती. आवाज न्हाई. मला वाटलं गाडी लागली. मी पाठीवर हात फिरवला तशी तिनं तो पडदा दोन्ही मुठींत धरला आणि नवरीपेक्षा मोठ्यानं रडायला लागली.

"काय झालं गं?"

"ह्यांचं दुसरं ठरलंय, अक्के."

मला आधी कळलंच न्हाई. दुसरं काय? मग कळलं. तिला मूल नव्हतं. आम्ही सगळे म्हणायचो, होईल, घाई काय.

"मुलगी बघायला गेलो," ती सांगायला लागली, तुटक तुटक, "ह्याच गाडीतनं. सासूबाई म्हणाल्या, तू बी चल, तू खुशीत दिसलीस तर त्या लोकांना बरं वाटंल. मला मागं बसवलं, हाच शालू नेसवून. सगळी पेठ बघत होती. हे गाडी चालवत होते आणि आरशात माझं तोंड बघत होते. डोळ्यांत पाणी आलं की म्हणायचे, हसती राहा. जाताना आणि येताना." तिनं नाक पुसलं. "तेव्हापासून मी रडलेच न्हाई. जागाच न्हाई गं कुठं. घरात माणसं, गाडीत आरसा. तुझी गाडी लई चांगली हाय, अक्के. लई चांगली."

हे ऐकायला मी दोन वर्षं तरसले होते. आणि आता ऐकलं तर असं वाटलं, घाल बाई ही गाडी विहिरीत.

पुढं मधल्या पडद्यापलीकडं चाचा होते. रस्ता मोकळा, चिटपाखरू न्हाई, तरी ते रबरी भोंगा दाबत होते. एकदा, परत एकदा. मागं काय येतंय ते त्या दिवशी त्यांनी मला विचारलंच न्हाई. धाराशिव गेलं, तुळजापूर आलं. देवीला जायचं ठरलं होतं. मी पडद्यातनंच भावाला सांगितलं, नवरीला गाडी लागलीय, नंतर येऊ. देवी काही रागावली नसंल.

नळदुर्ग ओलांडेपर्यंत धाकटी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, लाडवांच्या पाट्या खाली ढकलून. लहानपणी पडायची तशीच. "कुणाला सांगू नको," एवढंच दोनदा म्हणाली.

जळकोट आलं तेव्हा सगळा गाव रस्त्यावर. हलगी, ताशे. सोलापूरकरांची उघडी गाडी पुढं, आणि लोक तिच्यावर तुटून पडले. आत नुसता नवरदेव! गोंधळ उडाला. नवरी कुठाय? कुणीतरी ओरडलं, मागच्या बंद गाडीत हाय! तशी सगळी झुंबड माझ्या गाडीभोवती. जन्मात माझ्या गाडीभोवती एवढी माणसं जमली नव्हती. काचेला नाकं लावून उभी. आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारापाशी आली.

"अगं, पडदा सार की. नवरी उतरू दे."

"उतरंल. थांब जरा."

"थांब काय? मुहूर्त चाललाय! सोड तो पडदा."

"थांब म्हणते ना!" मी आतनं ओरडले आणि पडदा दोन्ही हातांनी घट्ट धरला. बाहेर आत्याच्या वयाची कुणी बाई म्हणाली, थोरलीला आता मिरवायचंय. म्हणू दे.

आत घागरीच्या तळाशी थोडं पाणी होतं. नवरीनं तोंड धुतलं, धाकटीनं धुतलं. माझ्या पदरानं पुसलं. कुंकू विस्कटलं होतं, ते मी बोटानं नीट केलं. मग धाकटीनं मधल्या पडद्याच्या फटीतनं सवयीनं वर बघितलं, पुढच्या काचेच्या वर, मधोमध. तिथं लिंबू लोंबत होतं.

ती माझ्याकडं वळली. "अक्के, बघ गं. रडल्यागत दिसतंय का?"

मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बघितलं. डोळे सुजून लाल झाले होते.

"न्हाई," म्हणलं. "हसती दिसतीस."

मग पडदा सारला.