सुप्याच्या माळावरचा जंत

सर स्लाइड आधी खिडकीकडे धरायचे, एक डोळा मिटून. मायक्रोस्कोपची पाळी नंतर. "आरपार दिसलं पाहिजे," म्हणायचे. बाहेरचं लिंबाचं झाड काचेवरच्या कृमीतून दिसलं की त्यांचं समाधान व्हायचं.

नगरच्या कॉलेजात ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. सुप्याजवळच्या माळावरचे उंदीर पकडायचे, त्यांच्या आतड्यातले पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे चपटे जंत, काढायचे आणि ते कोणत्या जातीचे हे ठरवायचं, हे त्यांचं पीएच.डी.चं काम. नव्वदीतले ते दिवस. जो तो कॉम्प्युटरचे क्लास लावत होता. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याचं काम पाहुण्यांना सांगताना घरचे विषय बदलतात. सरांच्या मिसेस "कॉलेजात असतात" एवढंच सांगायच्या.

मी इंग्रजी शाळेतून आलेली. 'टेस्टीस' हा शब्द मला न अडखळता म्हणता यायचा. सर मात्र भर वर्गात खणखणीत 'वृषण' म्हणायचे, आणि आम्ही मुली वहीत डोकं खुपसायचो. त्यांना ते कधी कळलंच नाही. कारण सगळं त्यावरच तर होतं. या कृमीच्या प्रत्येक खंडात तीन वृषण असतात. ते त्रिकोणात असतील तर जात जुनी, आधीच नाव दिलेली. सरांच्या कृमीत ते एका रांगेत होते. म्हणजे जात नवी.

नावही ठरलं होतं, सुप्यावरून. माळाच्या कडेला शेळ्या राखणाऱ्या मावशींना त्यांनी ते सांगितलं तेव्हा मी मदतीला पिंजरा धरून उभी होते.

"आमच्या गावाचं नाव? जंताला?"

"जगभरच्या पुस्तकांत येईल, मावशी."

"चांगल्या कशाला न्हाई दिलं कुनी," मावशी म्हणाल्या. पण पुढच्या खेपेला त्यांनी आणखी दोघींना आणलं होतं, जंताचे सर दाखवायला.

प्रबंध द्यायच्या आधी विद्यापीठातून एक वयस्कर तज्ज्ञ आले. फार मृदू माणूस. त्यांनी स्लाइड पाहिली, पुन्हा पाहिली. "सुरेख. बनवता कशा?"

सरांनी उत्साहाने सांगितलं. कृमी थंड पाण्यात सैल होऊ द्यायचा, मग दोन काचांमध्ये ठेवायचा, वरून दोरा घट्ट गुंडाळायचा आणि तसाच फॉर्मॅलिनमध्ये सोडायचा.

"फार दाबता तुम्ही."

"आरपार दिसायला हवं ना, सर."

"हो. पण इतकं दाबलं की त्रिकोणाचीही रांग होते. न दाबलेला एखादा आहे?"

मी बेसिनपाशी काचेच्या वाट्या धूत होते. नळ बंद करावा की चालू ठेवावा, ते मला सुचेना. लाकडी पेट्यांमध्ये सरांचे इतक्या वर्षांचे कृमी होते, आणि एकूण एक दाबलेले. हलगर्जीपणाने केलेला एकही नव्हता.

"एक मिळाला तरी पुरे," तज्ज्ञ म्हणाले. "मग इकडे की तिकडे, कळेल."

त्या रविवारी आम्ही एसटीने सुप्याला गेलो. मध्ये पावसाळ्यात सरांचं जाणं राहिलं होतं. माळावर बुलडोझर चालत होते. कारखान्यांसाठी जमीन सपाट होत होती. बिळं कुठे होती हेसुद्धा ओळखू येत नव्हतं. सर तरी पिंजरा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले.

"उंदरं गेली वो, सर," मावशी म्हणाल्या. "कुटं गेली त्यांनाच ठावं."

"एखादा दिसला का, मावशी? शेपटीला झुबका असलेला?"

"न्हाई. जावई लागनार हाय हितं कामाला. लई बरं झालं बगा." मग शेळ्या वळवत, "आन् त्या नावाचं काय झालं?"

"बघू," सर म्हणाले.

तो हिवाळा आम्ही जामखेडपर्यंतचे माळ पालथे घातले. उंदीर तसेच, झुबकेदार शेपटीचे मिळाले. पोटात कृमी नव्हते, किंवा होते ते भलतेच. सर ते न दाबता बाटलीत ठेवायचे आणि बाटली मला द्यायचे. खिडकीशी जायचे नाहीत.

चूक निघाली असती तर तेही एक उत्तर होतं. त्रिकोण दिसला असता तर सर दोन दिवस गप्प बसले असते आणि जुनं नाव लिहून मोकळे झाले असते, असं मला वाटतं. पण जात नवी होती की जुनी, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. प्रबंध दिलाच नाही. त्यांनी परीक्षा विभागाचं काम मागून घेतलं.

पुण्याला नोकरी लागल्यावर मी एकदा त्यांना भेटायला गेले. ते उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावत होते. चहा आला. घरचे कसे आहेत, जेवणाचं काय करता, सरांनी सगळं विचारलं. कृमींचं मी काढलं नाही, त्यांनीही नाही. मग बशी बाजूला ठेवत म्हणाले,

"सुप्यावरूनच आलात ना? रस्ता रुंद झालाय म्हणतात."

"हो, सर."

"दिवे लागतात का माळावर रात्री?"

"लागतात. बरेच."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा गठ्ठा ओढला.